दुधाचे पैसे की गाय विकल्याचे? चाकण पट्ट्यातली वाढ टिकणारी आहे का, हे मोजायचं कसं

एखाद्यानं गोठ्यातली गाय विकली आणि ते पैसे त्या महिन्याच्या दुधाच्या हिशोबात जमा धरले, तर वहीत तो महिना एकदम भारी दिसेल. आजवर कधी झाली नव्हती एवढी कमाई! घरातलं जुनं माणूस मात्र लगेच विचारेल, "अरे, पुढच्या महिन्यात डेअरीला काय घालणार?"

देशाचा विकास दर टीव्हीवर सांगतात, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो दर ज्या आकड्यावरून निघतो त्या जीडीपीत दुधाचे पैसे आणि गाय विकल्याचे पैसे वेगळे काढायची सोयच नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या पट्ट्यात गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे झालं ते डोळ्यासमोर ठेवलं, तर ही भानगड पुस्तकापेक्षा लवकर कळते.

आकडा वाढतो कशानं?

जीडीपी म्हणजे एका वर्षात देशात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांची एकूण किंमत. महाराष्ट्रात जिल्ह्याचंही असं उत्पन्न काढतात आणि त्यात पुणे जिल्हा मुंबई-ठाण्याबरोबर वरच्या रांगेत असतो. त्याला कारण हाच पट्टा. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज. पुढं चाकणला बजाज, मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो कारखाने. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, सावरदरी, वासुली ही नावं आता ट्रकवाल्यांना देशभर माहीत आहेत.

यातून पगार आले, दुकानं आली, खोल्यांची भाडी आली. ही कमाई खोटी आहे असं कुणीच म्हणत नाही. पण जीडीपीच्या वहीत आणखी काय काय जमेला धरलं जातं ते बघा. विहिरीचं पाणी फुकट मिळत होतं तोवर ते या आकड्यात जवळपास दिसतच नव्हतं. विहीर आटली, बोअर फेल गेलं आणि टँकर सुरू झाला की टँकरवाल्याची कमाई धरून जीडीपी वाढला. चाकणच्या तळेगाव चौकात गाड्या तासभर गुरगुरत उभ्या राहिल्या, तर जळालेलं डिझेलही विक्री म्हणून आकड्यात. त्या धुरानं दम लागून कुणी दवाखान्यात गेलं तर त्याचं बिलही.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण चिखलीचं. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बंगले उभे राहिले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं, लवादानं ते पाडायचा आदेश दिला, सुप्रीम कोर्टानं तो कायम ठेवला आणि मे 2025 मध्ये महापालिकेनं 36 बंगले जमीनदोस्त केले. आता हिशोब बघा. बंगले बांधले तेव्हा सिमेंट, स्टील, मजुरी धरून जीडीपी वाढला. पाडले तेव्हा जेसीबीचं भाडं धरून तो पुन्हा थोडा वाढला. हाती काय उरलं? नदीकाठी राडारोडा आणि पैसे गुंतवलेल्या लोकांचं नुकसान. ते नुकसान या आकड्यात कुठंच वजा होत नाही.

ही उणीव काही आज सापडलेली नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब मांडणाऱ्यांत ज्यांचं नाव पहिलं घेतात, त्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 मध्ये अमेरिकी संसदेला दिलेल्या अहवालात बजावलं होतं, की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय की नाही हे ठरवू नका. इशारा बाजूला राहिला, आकडा जगभर पोहोचला.

श्रीमंत झालेलं आणि बुडालेलं बेट

गाय विकून दूध म्हणणं एखाद्या देशाला कुठं नेतं, याचा पुरावा नाउरू. पॅसिफिक महासागरातला हा देश फक्त 21 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन गावांच्या शिवाराएवढा. जमिनीत खतासाठी लागणारं उत्तम फॉस्फेट होतं. 1968 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि 1970 च्या दशकात माणशी उत्पन्नात जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांत गणला जाऊ लागला. कर नाही, सरकारचीच विमानं, परदेशात इमारती. पुढच्या पिढीसाठी पैसे बाजूला काढले होते, पण ते चुकीच्या ठिकाणी गुंतवले आणि उधळले. फॉस्फेट संपत आलं तेव्हा बेटाची बहुतेक जमीन खणून उजाड झाली होती आणि तिजोरीही रिकामी.

ज्या वर्षांत हे चाललं होतं त्या वर्षांचा जीडीपी बघितला तर देश उत्तम चाललाय असंच दिसलं असतं.

नॉर्वेनं उलटं केलं. समुद्रात तेल सापडलं, ते विकलंही. पण 1990 मध्ये कायदा करून निधी उभा केला, तेलाचा पैसा त्यात टाकला आणि तो जगभर गुंतवला. दरवर्षी सरकारनं महागाई जाऊन उरणाऱ्या नफ्याएवढंच, म्हणजे सध्याच्या नियमानुसार साधारण तीन टक्केच खर्चायचं. मुद्दलाला हात नाही. तेल संपेल तेव्हा निधी असेल.

मधला फरक साधा आहे. गाय दोघांनीही विकली. एकानं पैसे खाल्ले, दुसऱ्यानं त्यातून दुसरी गाय घेतली.

खरी बचत कशी काढतात

याच गोष्टीला अर्थशास्त्रात नियमाचं रूप दिलं जॉन हार्टविक यांनी, 1977 मध्ये. संपणारी संपत्ती विकून जे मिळेल ते सगळं दुसऱ्या उत्पादक संपत्तीत घाला, तरच पुढच्या पिढीचं राहणीमान खाली येणार नाही. 1993 मध्ये डेव्हिड पिअर्स आणि जाइल्स अ‍ॅटकिन्सन यांनी त्यावरून देशादेशांची मोजणी करून दाखवली. पुढं जागतिक बँकेनं ही पद्धत उचलली आणि देशांचे आकडे काढले. मराठीत तिला 'खरी बचत' म्हणू.

हिशोब असा. देशानं वर्षात एकूण किती बचत केली, तिथून सुरुवात. त्यातून यंत्रं, इमारती, रस्ते यांचा घसारा वजा करायचा, कारण ट्रॅक्टर दरवर्षी थोडा जुना होतोच. मग शिक्षणावरचा खर्च मिळवायचा. नेहमीच्या हिशोबात शिक्षकाचा पगार हा खर्च असतो, इथं ती माणसातली गुंतवणूक मानतात. मग वर्षभरात उपसलेलं तेल, कोळसा, खनिजं आणि पुन्हा वाढू न देता तोडलेलं जंगल यांची किंमत वजा करायची. शेवटी कार्बन वायू आणि हवेतले बारीक कण यांनी केलेलं नुकसान वजा.

उरलेला आकडा शून्याच्या वर असेल तर देश एकूणात संपत्ती जोडतोय. शून्याच्या खाली गेला तर जीडीपी कितीही उड्या मारो, देश मुद्दल खातोय. आफ्रिकेतल्या खनिज-तेलावर जगणाऱ्या काही देशांचा आकडा वर्षानुवर्षं शून्याखाली निघाला आहे. भारताचा आकडा शून्याच्या वर येतो, कारण आपल्याकडे घराघरात बचत जास्त. बायाबापड्यांच्या बचत गटांपासून पोस्टातल्या खात्यापर्यंत सगळ्यांचा त्यात वाटा आहे.

एक कोटीची वही

हाच हिशोब घरात लावून बघू. समजा एका कुटुंबाची जमीन कारखान्यासाठी गेली आणि हातात एक कोटी आले. आकडे समजुतीपुरते आहेत, पण पट्ट्यातल्या कुणालाही ओळखीचे वाटतील. बंगल्याला 35 लाख. गाडी 15 लाख. पोराचं लग्न 12 लाख. सोसायटीचं आणि हातउसनं कर्ज फेडलं 8 लाख. भाड्यानं द्यायला खोल्या काढल्या 15 लाखांच्या. पोरीच्या इंजिनिअरिंगला 5 लाख. बँकेत एफडी 10 लाख. झाले एक कोटी.

जीडीपीच्या चष्म्यातून बघितलं तर हे वर्ष सोन्याचं. गवंडी, शोरूम, मंगल कार्यालय, कॉलेज, सगळीकडे पैसा फिरला. (जमिनीची किंमत म्हणून आलेला कोटी स्वतः जीडीपीत धरत नाहीत. पण तो खर्च होताना जे विकलं जातं ते धरतात.)

आता खरी बचत. वहीच्या एका बाजूला जमीन गेली, उणे एक कोटी. दुसऱ्या बाजूला काय आलं? लग्नाचे 12 लाख जेवणावळीत संपले, ते शून्य. कर्ज फिटलं ते 8 लाख जमेला, कारण देणं कमी होणं ही बचतच. खोल्या, शिक्षण आणि एफडी मिळून 30 लाख. बंगला 35 लाख धरावा लागेल, तो संपत्ती आहेच. गाडीचे आज 15. बेरीज 88 लाख. म्हणजे पहिल्याच दिवशी 12 लाखांचा खड्डा.

पण खरी गंमत घसाऱ्यात आहे. दहा वर्षांनी गाडी भंगाराच्या भावाला येते. बंगल्याला रंग, गळती, प्लंबिंग लागतं आणि तो महिन्याला रुपया देत नाही. जमीन मात्र नीट ठेवली असती तर झिजली नसती. कमाई देणारं या वहीत उरतं ते खोल्या, एफडी आणि शिकलेली पोरगी, मिळून 30 लाखांचं.

एफडीचंही गणित नीट बघायला हवं. 10 लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला 70 हजार व्याज आलं आणि महागाई पाच टक्के असली, तर त्यातले 50 हजार मुद्दलाची किंमत टिकवायला तसेच ठेवावे लागतात. खरं खाण्याजोगं व्याज 20 हजार. नॉर्वेचं सरकार हेच करतं, फक्त शून्यं जास्त.

पुणे जिल्ह्यातच हार्टविकचा नियम पाळल्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे, हडपसरचं मगरपट्टा सिटी. सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन बिल्डरला विकण्याऐवजी एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा ठेवला. 2000 च्या सुमारास काम उभं राहू लागलं. घरं विकली, पण आयटी कंपन्यांना दिलेल्या इमारतींचं भाडं येत राहिलं. ऊस गेला, भाडं आलं. गाय विकून गायच घेतली. अर्थात शहराला लागून एकसलग जमीन आणि बहुतेक एकाच भावकीचे मालक, असा योग प्रत्येक गावाच्या नशिबी नसतो. एमआयडीसीच्या संपादनात तर शेतकऱ्याला एवढं निवडायला मिळतही नाही.

ही पद्धतही पुरी पडत नाही

खऱ्या बचतीचा हिशोब जीडीपीपेक्षा शहाणा आहे, पण त्याला दोन मोठी भोकं आहेत आणि दोन्ही नेमकी या पट्ट्यातून दिसतात.

पहिलं असं, की त्यात जमिनीखालचं पाणी धरलेलं नाही. मातीची झीज नाही, नदीची घाणही नाही. तेल-खनिजाला जगाच्या बाजारात भाव आहे म्हणून त्यांची किंमत काढता येते. भामा नदीकाठच्या विहिरीतल्या पाण्याचा भाव कुठल्या बाजारात बघणार? जे मोजायला सोपं तेवढं मोजलं गेलं. भारताचा आकडा शून्याच्या वर दिसतो तेव्हा हे विसरून चालत नाही.

दुसरं भोक जास्त खोल आहे. या पद्धतीत एक रुपयाची नदी आणि एक रुपयाचं मशीन सारखंच. नदी उणे झाली, मशीन अधिक झालं, हिशोब फिट्टंफाट. पण पाण्याच्या जागी मशीन चालतं का? पिंपरी-चिंचवड महापालिकेला 'आशियातली श्रीमंत महापालिका' म्हणायची सवय आहे. त्याच शहरात नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. पैसा होता, योजना होत्या, नळ होते. पवनेचं पाणी मात्र तेवढंच होतं आणि लोकसंख्या वाढत गेली. मग आंद्रा आणि भामा आसखेडकडे हात गेला. भामा आसखेड धरण खेड तालुक्यातलं, आणि 2021 च्या जानेवारीपासून त्याचं पाणी पुण्याच्या पूर्व भागालाही जातं. धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी किती वेळा जलवाहिनीचं काम अडवलं, ते तालुक्याला सांगायला नको.

मावळानं तर याची किंमत रक्तानं दिली. पवना धरणातून शहराकडे बंद जलवाहिनी नेण्याच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर इथं द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघा शेतकऱ्यांचा जीव गेला. शेताच्या पाण्याला पर्याय नसतो, हे त्या दिवशी एक्स्प्रेसवेवर उतरलेल्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

इंद्रायणीचंही तसंच. कुरवंड्याला उगम पावते तेव्हा ती स्वच्छ असते. देहू, चिखली, मोशी करत आळंदीला पोहोचेपर्यंत तिच्यात गावा-शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांची घाण मिसळलेली असते. कार्तिकीला वारकरी माउलींच्या दारात स्नानाला येतात आणि पात्रावर पांढरा फेस तरंगत असतो. हे फोटो दरवर्षी मोबाइलवर फिरतात. नदीसुधारचे शेकडो कोटींचे आराखडे झाले, त्यातला जेवढा खर्च होईल तो जीडीपीत वाढ म्हणूनच नोंदला जाईल. घाण करतानाही वाढ, साफ करतानाही वाढ.

म्हणून अर्थशास्त्रज्ञांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, एकूण बेरीज वाढली म्हणजे झालं. दुसरा म्हणतो, काही गोष्टींना पर्यायच नसतो. पाणी, सुपीक माती, श्वास घ्यायची हवा यांची वही वेगळी ठेवा आणि ती एका पातळीच्या खाली जाऊच देऊ नका. चाकणच्या परिसरात राहणाऱ्याला दुसऱ्या तटाचं म्हणणं लवकर पटेल.

सरकारला हे माहीत नाही का?

माहीत आहे. 2011 मध्ये केंद्रानं केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. 2013 च्या अहवालात त्यांनी सांगितलं, की फक्त वर्षाचं उत्पन्न मोजू नका, देशाची एकूण संपत्ती मोजा: यंत्रं-रस्ते-इमारती, माणसांचं शिक्षण आणि आरोग्य, आणि निसर्ग. ही तिन्हींची बेरीज माणशी वाढत असेल तरच वाढ टिकणारी. 2018 पासून केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय जमीन, पाणी, जंगल यांचे हिशोब प्रसिद्ध करायला लागलं आहे. संयुक्त राष्ट्रांनीही 2021 मध्ये निसर्गाच्या हिशोबाची पद्धत मान्य केली.

दासगुप्तांचाच 2021 चा अहवाल जगाबद्दल एक आकडा सांगतो. 1992 ते 2014 या काळात माणशी यंत्रं-इमारती दुप्पट झाल्या, माणसांमधली संपत्ती साधारण 13 टक्क्यांनी वाढली आणि माणशी निसर्गसंपत्ती जवळपास 40 टक्क्यांनी घटली.

शिक्षणाच्या रकान्याबद्दल मात्र एक शंका घ्यायला जागा आहे. खऱ्या बचतीत शिक्षणावर खर्च झालेला प्रत्येक रुपया जमेला धरतात. पण आयटीआय करून पोरगं वर्षानुवर्षं कंत्राटदाराकडे ठरावीक महिन्यांचा ब्रेक घेत तेच हेल्परचं काम करत असेल, तर तो रुपया खरंच जमा झाला का?

गावाला काय बघता येईल

तालुक्याची खरी बचत काढणारं कुठलंही ऑफिस नाही. उत्पन्नाचे आकडे जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतात. पण वहीचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी पडलेले आहेत आणि ते मागता येतात.

जमिनीखालच्या पाण्याचा तुकडा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. त्यांच्या निरीक्षण विहिरी ठरलेल्या असतात आणि वर्षातून चार वेळा पातळी घेतात. एका वर्षाच्या आकड्याला अर्थ नाही, कारण पाऊस कमी-जास्त होतो. दहा वर्षांचे मे महिन्याचे आकडे एकाखाली एक लिहिले की कळतं. आपला खडक काळा, बेसाल्टचा. त्यात पाणी वरच्या मुरमाड थरात आणि भेगांमध्ये साठतं. पाऊस बरा होऊनही मे महिन्याची पातळी दरवर्षी खाली जात असेल, तर ते मुद्दल खाणं आहे.

नदीचा तुकडा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. त्यांच्या तपासणीत बीओडी नावाचा रकाना असतो. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, त्याचं ते माप. आंघोळीच्या पाण्यात ते लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर जायला नको. जमिनीचा तुकडा तलाठ्याकडे: गावातली किती हेक्टर जमीन बिगरशेती झाली, गायरान किती उरलं. आणि ग्रामपंचायतीकडे सगळ्यात महत्त्वाचा: कारखान्यांकडून आलेल्या करातलं किती कमान, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्टला गेलं आणि किती शाळा, सांडपाणी आणि पाण्याच्या सोयीला.

उन्हाळ्याअखेरची विहिरींची पातळी मे महिन्यात घेतली जाते. त्यानंतरची ठरलेली ग्रामसभा 15 ऑगस्टची. भूजल कार्यालयाला त्याआधी महिनाभर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर पत्र दिलं, तर गावाजवळच्या निरीक्षण विहिरीचे मागच्या दहा वर्षांचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवता येतील.